पुलापलीकडचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. तरीही कूळ शोधण्याची हौस काही सुटत नाही. आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त नव्याने काढायचे ठरले, तेव्हा माहिती गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले. खरे म्हणजे मीच ते ओढवून घेतले. पहिल्याच बैठकीनंतर एका वडीलधाऱ्या काकांनी मला बाजूला घेतले आणि हळू आवाजात सांगितले, "तुझे पणजोबा दत्तक आलेले होते, हे काही छापू नकोस हं. काय गरज आहे?" पणजोबा दत्तक होते हे आमच्या घरात सर्वांनाच ठाऊक होते. मी अडखळलो तो 'काय गरज आहे' या प्रश्नावर. त्याला उत्तर देता येईना.

त्याच कामासाठी कोल्हापूरला जाणे झाले. तिथल्या एका शाखेची माहिती घ्यायची होती. दुपार मोकळी होती म्हणून ख्रिस्ती दफनभूमीतल्या पोलिश कबरी पाहायला गेलो. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची छावणी होती, हे अनेक वाचकांना माहीत असेल. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत रशियाने पूर्व पोलंडमधून लाखो माणसे सैबेरियात आणि मध्य आशियात नेऊन टाकली. त्यांतली काही इराणमार्गे भारतात आली आणि सुमारे पाच हजार माणसे १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला राहिली. जी परत गेली नाहीत, ती या मातीत आहेत. कबरींवरची नावे वाचत गेलो. कुठे शेवट 'स्की', कुठे 'स्का'. पुरुष असेल तर 'स्की', स्त्री असेल तर 'स्का', एवढे लक्षात आले. या 'स्की'चा अर्थ काय, हा प्रश्न डोक्यात घेऊन घरी आलो आणि मग कित्येक महिने आमचा कुलवृत्तान्त बाजूला ठेवून पोलंडमधल्या घराण्यांची पुस्तके वाचत बसलो. आमच्या पणजोबांच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले.

'स्की' म्हणजे आपला 'कर'. बरेचदा त्याचा अर्थ तितकाच साधा आहे. मध्ययुगात पोलंडमधील सरदारांना आडनाव नसे. तार्नूव गावाचा धनी असलेला यान, हा 'तार्नूवचा यान'. पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकात हे 'अमुक गावचा' विशेषण बनून नावाला कायमचे चिकटले आणि तार्नूवचे ते तार्नोव्स्की झाले. लेश्नोचे लेश्चिन्स्की, पोतोकचे पोतोत्स्की. म्हणजे ज्या आडनावांनी युरोपच्या इतिहासात एवढा रुबाब मिरवला, ती मुळात गावाचे पत्ते होती. पत्ता बदलला की आडनावही बदलत असे. एका बापाचे दोन मुलगे दोन गावांत राहिले, तर त्यांच्या वंशजांची आडनावे दोन होत. त्यामुळे पोलंडमध्ये नुसत्या आडनावावरून कूळ काढायला जाणारा माणूस हमखास वाट चुकतो.

मग कूळ ओळखायचे कशावरून? तर 'हेर्ब'वरून, म्हणजे ढालीवरच्या कुलचिन्हावरून. पश्चिम युरोपात साधारणपणे एका घराण्याचे एक चिन्ह असते. पोलंडमध्ये तसे नाही. तिथे एकेका चिन्हाखाली डझनावारी, कधी शेकडो घराणी येतात आणि त्यांचे एकमेकांशी रक्ताचे नाते असेलच असे नाही. चिन्हांना स्वतःची नावे असतात: लेलिवा, पिलावा, तोपूर, येलिता. ही नावे पूर्वी रणघोषासारखी वापरली जात. एका झेंड्याखाली लढणारे, आश्रयाला आलेले, मानाने सामावून घेतलेले असे सगळे त्या एका चिन्हाचे मानकरी. १४१३ साली होरोद्वो येथे पोलंड आणि लिथुआनिया यांचा करार झाला, तेव्हा पोलिश सरदारांनी लिथुआनियातल्या ४७ घराण्यांना आपापल्या चिन्हांत घेतले. एका समारंभात ४७ घराणी दत्तक! काकांना हे सांगितले असते, तर ते काय म्हणाले असते कोण जाणे.

या सगळ्या घराण्यांत मी एकाचा माग नेटाने घेतला, तो झामोयस्की घराण्याचा. या कुळातले लोक मूळचे वेंचित्सा प्रांतातल्या वाझ्निन गावचे. पंधराव्या शतकात त्यांच्यापैकी तोमाश नावाच्या गृहस्थाने आग्नेय भागात झामोश्च नावाचे खेडे विकत घेतले. पुढची पिढी त्या गावावरून ओळखली जाऊ लागली आणि झामोयस्की आडनाव रूढ झाले. 'पुलापलीकडचे' असा या गावाच्या नावाचा अर्थ लावतात. म्हणजे पोलंडच्या इतिहासातल्या या थोर घराण्याचे आडनाव मराठीत सांगायचे तर 'पलीकडकर' किंवा फार तर 'पूलकर'. तेही विकत घेतलेल्या खेड्यावरून!

त्यांचे कुलचिन्ह येलिता. तांबड्या ढालीवर तीन सोनेरी भाले. पोलिश भाषेत 'येलिता' म्हणजे आतडी. याची कथा पोलंडमध्ये शाळकरी मुलांनाही माहीत असते. १३३१ साली प्वोव्त्से येथे जर्मन ट्यूटॉनिक सरदारांशी लढाई झाली. लढाईनंतर राजा व्वादिस्वाव वोकिएतेक रणांगणावरून फिरत असताना त्याला फ्लोरियान शारी नावाचा शिपाई दिसला. त्याच्या अंगात तीन भाले घुसलेले, आणि तो बाहेर आलेली आतडी हातांनी आत सारत होता. राजा हळहळला. तेव्हा फ्लोरियान म्हणाला, की या जखमांपेक्षा गावातल्या दुष्ट शेजाऱ्याचा जाच अधिक दुखतो. राजाने त्याला त्या शेजाऱ्यापासून सोडवण्याचा शब्द दिला आणि तो वाचल्यावर तीन भाल्यांचे चिन्ह बहाल केले.

कथा बहारीची आहे. त्या शेजाऱ्याच्या तक्रारीमुळे तर ती अगदी खरी वाटते. पण इतिहासकार ती जशीच्या तशी घेत नाहीत. या चिन्हाला 'कोझ्लारोगी', म्हणजे बोकडाची शिंगे, असेही जुने नाव आहे आणि शिरोभूषणावर आजही अर्धा बोकड आहे. तेव्हा आधी चिन्ह आणि मग कथा, असाच क्रम असण्याचा संभव अधिक. झामोयस्की घराणे मोठे झाल्यावर फ्लोरियानला मूळपुरुषाच्या जागी मानाने बसवण्यात आले. घराणे वर आले की त्याला मूळपुरुष लागतो, आणि लागला की तो सापडतो.

हे घराणे वर आणले ते यान झामोयस्की याने. १५४२ चा जन्म. मध्यम ऐपतीच्या घरातला मुलगा. इटलीत पादुआला शिकला, रोमच्या सिनेटवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. १५७३ मध्ये पोलंडचा राजा निवडायची वेळ आली, तेव्हा प्रत्येक सरदाराला, मग तो कितीही गरीब असो, स्वतः येऊन मत देता यावे, असा आग्रह त्याने धरला. पुढे तो चान्सलर झाला, सरसेनापती झाला, राजा स्टीफन बाथोरीच्या पुतणीशी त्याचे लग्न झाले. १५८० साली त्याने बेर्नार्दो मोरांदो या इटालियन वास्तुकाराकडून एक आखीवरेखीव शहर उभारून घेतले आणि त्यालाही झामोश्च हेच नाव दिले. आधी गावाने घराण्याला नाव दिले होते. आता घराण्याने ते शहराला दिले. १५८९ मध्ये त्याने आपल्या इस्टेटीची 'ओर्दिनात्सिया' केली, म्हणजे तिची वाटणी होणार नाही, ती अखंड एकाच पुरुष वारसाकडे जाईल, अशी कायद्याने सोय लावली. त्यात कित्येक नगरे आणि गावे होती.

माणूस एवढी तजवीज करतो. पुढे काय होते पाहा. यानचा नातू १६६५ साली निपुत्रिक वारला. पुरुषवंश तिथे संपला. इस्टेटीवरून नातेवाइकांत भांडणे झाली आणि शेवटी ती एका चुलत शाखेकडे गेली. आजचे झामोयस्की या चुलत शाखांचे वंशज आहेत. ज्या यानमुळे आडनावाला किंमत आली, त्याच्या थेट पुरुषवंशातले ते नाहीत. यानचे रक्त मुलींकडून पुढे गेले. त्याची नात ग्रिझेल्दा विश्न्योव्येत्स्की घराण्यात दिली होती. तिचा मुलगा मिखाउ १६६९ मध्ये पोलंडचा राजा झाला. म्हणजे यानचा पणतू सिंहासनावर बसला, पण वंशवेलीत तो दुसऱ्याच घराण्याच्या पानावर! मुलीकडचे म्हणून ते पान वेगळे. आपल्या कुलवृत्तान्तात तरी वेगळे काय करतो आपण? लेक लग्न होऊन गेली की तिच्या नावापुढे रेघ थांबते.

पण ही सारी वंशावळीची उठाठेव त्या लोकांनी कशासाठी केली? नुसत्या अभिमानासाठी खास नव्हे. पोलंडमध्ये 'श्लाख्ता' म्हणजे सरदारवर्ग लोकसंख्येच्या सहा ते दहा टक्के होता असा अंदाज आहे. युरोपच्या मानाने हे प्रमाण फार मोठे. त्यांतल्या पुष्कळांकडे जेमतेम एक शेत असे आणि ते स्वतःच नांगर धरत. पण कंबरेला तलवार असे, राजाच्या निवडणुकीत मत असे, आणि जमीन व वेठीचे शेतकरी बाळगण्याचा हक्क असे. कूळ सिद्ध झाले नाही तर हे सगळे जायचे. एखाद्याने दुसऱ्याच्या कुळाविषयी कोर्टात शंका घेतली, तर त्याला वडिलांकडच्या आणि आईकडच्या कुळांतले साक्षीदार आणून आपला वंश शाबीत करावा लागे. मुलींच्या नावापुढे थांबणारी रेघ कोर्टात मात्र आजोळापर्यंत जायची.

जिथे हक्क तिथे बनावट कागद आलेच. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात वालेरियान नेकांदा त्रेपका नावाचा सरदार आयुष्यभर गावोगाव चौकश्या करत फिरला आणि खोटे सरदार शोधून त्यांची यादी करत राहिला. सुमारे अडीच हजार नावे त्याने लिहून ठेवली: अमक्याचा बाप चांभार, तमक्याचा आजा खाणावळवाला, आणि हा आता 'स्की' लावून मिरवतो. हे हस्तलिखित १९६३ मध्ये प्रथम छापले गेले. गंमत अशी, की त्रेपकाने ज्यांना तुच्छ लेखण्यासाठी हे लिहिले, त्यांच्याविषयीची माहिती आज अभ्यासकांना मोलाची वाटते. आडनाव बदलून, शहर बदलून, एखाद्या लग्नाने वर चढलेल्या सामान्य माणसांच्या इतक्या हकिगती एकत्र क्वचितच मिळतात.

त्रेपकाच्या या ग्रंथाला 'हामच्या वंशजांचे पुस्तक' म्हणतात. बायबलमधल्या नोहाला तीन मुलगे. त्यांतल्या शापित हामपासून शेतकरी जन्मले आणि याफेथपासून सरदार, असे तेव्हा गंभीरपणे सांगितले जाई. शिवाय सरदार हे प्राचीन सार्माशियन योद्ध्यांचे वारस, अशीही एक समजूत होती. एकाच गावात राहणारी, एकच भाषा बोलणारी, एकाच देवळात प्रार्थना करणारी माणसे दोन वेगळ्या वंशांची ठरवायची, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या शेतात फुकट राबायचे हे ईश्वरी योजनेसारखे वाटू लागते. १५२० च्या कायद्याने शेतकऱ्यावर आठवड्याला किमान एक दिवस वेठ लादली. अठराव्या शतकापर्यंत कित्येक ठिकाणी ती आठवड्यातल्या बहुतेक दिवसांवर गेली. त्या वेठीतून निघालेले धान्य विस्तुला नदीतून ग्दान्स्कच्या बंदराकडे जाई आणि त्या पैशांतून वाडे उभे राहत. वाड्यांच्या दारावर भाले आणि बोकड कोरलेले असत.

याच झामोयस्की घराण्यात ही गोष्ट खटकलेला एक माणूस निघाला. आंद्झेय झामोयस्की याने १७६० साली बिएझुनच्या आपल्या जमिनीवर वेठ काढून त्याऐवजी खंड सुरू केला. पुढे त्याच्यावर देशाच्या कायद्यांची नवी संहिता तयार करण्याचे काम आले. शेतकरी आणि शहरवासी यांना थोडा दिलासा देणारी ती संहिता १७७८ मध्ये छापली गेली आणि १७८० मध्ये सरदारांच्या संसदेने ती फेटाळून लावली. पंधरा वर्षांनी पोलंड हा देशच नकाशावर उरला नाही. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला. मग परक्या सरकारांच्या कचेऱ्यांत जाऊन आपले कूळ कागदोपत्री सिद्ध करण्याची पाळी पोलिश सरदारांवर आली. ज्यांना कागद दाखवता आले नाहीत, ते हजारोंनी सामान्य रयतेत ढकलले गेले. वेठ ऑस्ट्रियाच्या भागात १८४८ मध्ये आणि रशियाच्या भागात १८६४ मध्ये संपली.

शेतकऱ्यांची आडनावेही कायद्याच्या नोंदीत सगळीकडे पक्की झाली ती एकोणिसाव्या शतकात. आज पोलंडमध्ये सर्वांत अधिक आढळणारे आडनाव 'नोवाक' आहे. त्याचा अर्थ नवा आलेला, उपरा. त्याच्या खालोखाल कोवाल्स्की येते, आणि 'कोवाल' म्हणजे लोहार. अनेक शेतकरी कुटुंबांनी 'स्की' लावून घेतले. त्यामुळे आज 'स्की' वरून कोणी खानदानी ठरत नाही. गेल्या काही वर्षांत तिथे या वेठीच्या इतिहासावरची पुस्तके मोठ्या प्रमाणावर वाचली जात आहेत. त्यांतले 'पोलंडचा लोकइतिहास' हे २०२० चे पुस्तक गाजले. त्याच्या लेखकाचे नाव आदाम लेश्चिन्स्की. योगायोग पाहा, लेश्चिन्स्की हे पोलंडच्या एका राजाचेही आडनाव! बहुसंख्य पोलिश लोक शेतकऱ्यांचे वंशज आहेत, पण कित्येक पिढ्या त्यांनी शाळेत सरदारांचा इतिहास स्वतःचा म्हणून पाठ केला. आता कुठे ते आपल्या खऱ्या पणजीविषयी विचारू लागले आहेत, आणि चर्चच्या जुन्या बाप्तिस्मा-नोंदी चाळून तिचे नाव शोधत आहेत.

१९२१ च्या राज्यघटनेने सरदारकीला आणि पदव्यांना मान्यता नाकारली. १९४४ मध्ये वॉर्साचा उठाव चालू असताना जर्मनांनी जुन्या दप्तरांचा मुख्य संग्रह जाळला. असंख्य घराण्यांचे पुरावे त्यात राख झाले. त्याच वर्षीच्या जमीन कायद्याने झामोयस्कींची ३५५ वर्षांची ओर्दिनात्सिया संपली. तेव्हा तिचा सोळावा आणि शेवटचा वारस होता तो यान झामोयस्की, मूळपुरुषाचेच नाव. माझ्या मते या घराण्याच्या वंशावळीतले सर्वांत मोठे पान त्याचे आणि त्याच्या पत्नीचे, रूझाचे आहे. १९४२-४३ मध्ये नाझींनी झामोश्चच्या परिसरातून एक लाखाहून अधिक पोलिश शेतकऱ्यांना घराबाहेर काढले. त्यांत सुमारे तीस हजार मुले होती. झ्व्येझिन्येत्सच्या तारेच्या कुंपणात मुले आजाराने आणि भुकेने मरत होती. या जमीनदाराने जर्मन अधिकाऱ्यांकडे खेटे घालून सुमारे ४८० लहान मुले सोडवून घेतली. रूझाने त्यांच्यासाठी निवारा चालवला. ती मुले शेतकऱ्यांची होती, ज्यांचे पणजे-खापरपणजे याच इस्टेटीत राबले होते. युद्धानंतर साम्यवादी राजवटीने यानला तुरुंगात टाकले. तो बाहेर आला, २००२ पर्यंत जगला. त्याचा मुलगा मार्चिन २००२ ते २०१४ या काळात झामोश्चचा महापौर होता. पूर्वजांच्या नावाच्या शहरात तो लोकांची मते मागून निवडून आला, ही गोष्ट मला कोणत्याही पदवीपेक्षा भारी वाटते.

पण झामोश्चची वंशावळ एवढ्यावर पुरी होत नाही. पहिल्या यानने या शहरात आर्मेनियन, ग्रीक आणि ज्यू लोकांना वसवले होते. यिद्दिश भाषेतला मोठा लेखक पेरेत्झ इथे १८५२ मध्ये जन्मला, रोझा लुक्सेम्बुर्ग १८७१ मध्ये. इथल्या हजारो ज्यूंना १९४२ मध्ये बेउझेत्सच्या छळछावणीत नेऊन मारले गेले. त्यांतली कितीतरी कुटुंबे अशी, की वंशावळ लिहायला मागे कोणी उरलेच नाही.

एवढे वाचून झाल्यावर मी आमच्या कुलवृत्तान्ताची फाइल पुन्हा उघडली. मला वंशावळीचा तिटकारा आलेला नाही, उलट गोडी वाढली आहे. आपण कुठून आलो हे मुलांना कळावे, असे मला मनापासून वाटते. पण ते सांगायचे तर पुरते सांगावे. आडनाव हा पत्ता आहे, आणि पत्त्यावर राहायला माणसे अनेक वाटांनी येतात: जन्माने, लग्नाने, दत्तक होऊन, कधी आश्रयाला म्हणून. यांतली एकच वाट खरी मानून बाकीच्या पुसून टाकल्या, की वंशावळ त्रेपकाच्या यादीसारखी होते, फक्त उलट्या बाजूने. आणि मूळपुरुष शूर होता की ऋषी होता यापेक्षा घरातल्या कोणी कोणाला अडीअडचणीला हात दिला, हे नातवंडांना कळणे अधिक उपयोगाचे आहे.

काकांना मी हे सारे जमेल तसे सांगितले. त्यांनी येलिताच्या कथेपर्यंत लक्ष देऊन ऐकले, पुढे थोडे कंटाळले. शेवटी म्हणाले, "छाप बाबा, तुला पटेल तसे. पण त्यांच्या जन्मघरचे नावही नीट शोधून घाल मग." मी ते शोधले. पणजोबांचे जन्माचे आडनाव, गाव, वडिलांचे नाव, सगळे एका जुन्या दत्तकपत्रात मिळाले. त्यांच्या जन्मदात्या आईचे नाव मात्र त्या कागदात नव्हते. मुलगा देणारी तीच होती, पण कागदावर तिची सही नाही, अंगठा नाही, नाव नाही. छापखान्यात मजकूर जाईपर्यंत शोध चालू ठेवीन. नाहीच मिळाले, तर त्या पानावर तिच्यासाठी एक ओळ मोकळी ठेवायची, असे आम्ही ठरवले आहे.